नाव कोणी ठेवायचं?

(विहाराच्या वर्धापनदिनी परतवाडा येथे दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



वर्धापनदिनाच्या भाषणात विहाराचा इतिहास सांगावा असा रिवाज आहे. पण कोणी विटा दिल्या, कोणी रात्र-रात्र श्रमदान केलं, हे जाणती मंडळी स्मरणिकेत लिहिणारच आहेत. म्हणून मी आज एकच प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. एखाद्या समाजाला कोणत्या नावानं हाक मारायची, आणि ते नाव कोणी ठरवायचं?

हा प्रश्न मला पुस्तकात नाही, इथल्या बसस्टँडवर सापडला. धारणीची गाडी लागली होती. मेळघाटातून आलेला एक म्हातारा कोरकू माणूस गाठोडं घेऊन दाराशी उभा होता. एक पोरगा मागून ओरडला, "ए जंगल्या, सरक ना मांगं!" म्हातारा मुकाट्यानं सरकला. त्या पोराच्या शर्टावर अशोकचक्राचा बिल्ला होता. बंधूंनो, तो पोरगा आपल्याच वस्तीतला होता.

मी म्हाताऱ्याजवळ बसलो. थोड्या गप्पा झाल्यावर मोठ्या शहाणपणानं विचारलं, "बाबाजी, तुम्हाले आदिवासी म्हटलेलं बरं वाटते, का कोरकू?" तो हसला आणि म्हणाला, "पहले नाम तो पूछो, भाऊ." मी खरंच त्याचं नाव विचारलं नव्हतं.

आता आपल्या स्वतःच्या नावाची गोष्ट आठवू. 'महार' हे नाव गावगाड्यानं आपल्याला शिवीसारखं ऐकवलं. त्यातून सुटण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी सोमवंशी, चोखामेळा अशी नावं लावून पाहिली. मग गांधीजींनी 'हरिजन' शब्द चालवला आणि 1933 साली त्याच नावाचं साप्ताहिक काढलं. देणाऱ्याला वाटलं, आपण किती गोड नाव दिलं! पण ज्यांना दिलं, त्यांना विचारलं कोणी? 1938 साली मुंबईच्या विधानसभेत एका विधेयकात हा शब्द आला, तेव्हा परमपूज्य बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड यांनी त्याला विरोध केला. म्हणणं ऐकलं गेलं नाही, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृहाबाहेर पडले. एका शब्दासाठी सभात्याग! कारण नाव लादून घेणं म्हणजे दुसऱ्याची दया मान्य करणं.

बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट बजावली होती. नुसतं नाव बदलून भागत नाही; नव्या नावामागून जुनी जात शोधून काढतातच. म्हणून त्यांनी नावाबरोबर मार्गही बदलला. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात आपण 'बौद्ध' झालो. त्यातही सरकारी कागदांनी 'नवबौद्ध' अशी चिठ्ठी चिकटवली. केंद्राच्या सवलतींसाठी तर 1990 च्या कायदादुरुस्तीपर्यंत, म्हणजे चौतीस वर्षं, वाट पाहावी लागली. 1972 साली दलित पँथर उभी राहिली आणि 'दलित' हा शब्द तरुणांनी अभिमानानं छातीवर घेतला. पुढे 2018 साली याच शब्दाचा प्रश्न नागपूर खंडपीठात गेला, आणि 'अनुसूचित जाती' असं लिहा, अशी सूचना केंद्र सरकारनं वृत्तवाहिन्यांना केली. आपल्यातही दोन मतं आहेत. कोणी म्हणतो, दलित म्हणू नका, आम्ही बौद्ध आहोत. कोणी म्हणतो, तो लढ्याचा शब्द आहे, का सोडायचा? असो, पण हा वाद आपण आपसात करतो, आपल्या घरात करतो. तो आपला हक्क आहे.

मग तोच हक्क आपल्या शेजाऱ्याला नको का?

परतवाडा म्हणजे मेळघाटचं दार. घाट उतरून येणारा कोरकू बाजाराला, दवाखान्याला, मजुरीला याच गावात येतो. त्याला कोणी 'आदिवासी' म्हणतो, कोणी 'वनवासी', कोणी 'गिरिजन', आणि सरकार 'अनुसूचित जमाती'. या प्रत्येक शब्दाच्या पोटात काय आहे ते पाहिलं पाहिजे.

'आदिवासी' म्हणजे या भूमीवर आधीपासून राहणारा. यात हक्क आहे. 'वनवासी' म्हणजे फक्त रानात राहणारा. 1952 साली जशपूरला निघालेल्या वनवासी कल्याण आश्रमापासून हा शब्द संघटितपणे चालवला गेला. घूर्ये यांच्यासारख्या मोठ्या समाजशास्त्रज्ञानं तर या लोकांना 'मागासलेले हिंदू' ठरवलं होतं. म्हणजे आधी कोण आला, जमीन-जंगल कोणाचं, हा प्रश्नच मिटला. शिवाय मला सांगा, जो कोरकू परतवाड्यात खोली करून राहतो, ज्याची मुलगी अमरावतीला कॉलेजात शिकते, तो वनवासी कसा? रान सुटलं म्हणून त्याचं कोरकूपण सुटतं काय?

संविधान सभेत हा वाद रंगला होता. छोटा नागपूरचे जयपालसिंह मुंडा हे 1928 च्या ऑलिम्पिकमधले आपल्या हॉकी संघाचे कप्तान. 1946 साली त्यांनी भर सभेत आपली ओळख 'जंगली' अशीच करून दिली. तोच शब्द, पण स्वतःच्या तोंडून आला तेव्हा तो ताठ मानेचा झाला. बसस्टँडवर दुसऱ्याच्या तोंडून आला, तेव्हा शिवी झाला. 1948 साली त्यांनी आग्रह धरला, की आमच्यासाठी 'आदिवासी' हाच शब्द घाला; हिंदी मसुद्यातला 'बनजाति' आम्हाला नको.

आणि इथं बाबासाहेबांनी काय उत्तर दिलं? ते म्हणाले, 'आदिवासी' हा सर्वसाधारण शब्द आहे, 'अस्पृश्य' या शब्दासारखा. कायद्यात त्याचा नेमका अर्थ ठरलेला नाही. हक्क द्यायचे तर ते कोणाला, हे स्पष्ट पाहिजे. म्हणून यादी, म्हणून 'अनुसूचित जमाती'. काही मित्र म्हणतात, बाबासाहेबांनी आदिवासींचं नाव नाकारलं. मला तसं वाटत नाही. हाक मारायचं नाव वेगळं आणि हक्क मिळवायचं नाव वेगळं, हा भेद त्यांनी ओळखला होता.

त्या यादीतल्या नावाची किंमत आपल्या भागानं मोजली आहे. विदर्भात कोरकूंना जमातीचा दर्जा काही ठरावीक तालुक्यांपुरताच होता. आपल्या जिल्ह्यात फक्त मेळघाट तालुका. घाटावर तो अनुसूचित जमात, आणि घाट उतरून अचलपूर तालुक्यात घर केलं की नाही! ही क्षेत्राची अट 1976 च्या कायद्यानं उठली. गोवारी बांधवांचं दुःख तर त्याहून मोठं. यादीत 'गोंड गोवारी' असं नाव आहे. ते एक की दोन, यावर वर्षानुवर्षं भांडण. 23 नोव्हेंबर 1994 ला नागपूरच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 गोवारी मेले. त्यात बायका आणि लेकरंच जास्त. 2018 साली नागपूर खंडपीठानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. नावात काय आहे, असं म्हणणाऱ्यानं नागपूरच्या गोवारी स्मारकासमोर जाऊन उभं राहावं.

पण 'आदिवासी' म्हणून तरी काम संपलं का? नाही. कोरकू भाषेत 'कोरो' म्हणजे माणूस, आणि 'कोरकू' म्हणजे माणसं. गोंड स्वतःला 'कोईतूर' म्हणवतात. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, म्हणजे जयपालसिंहांच्या मुंडारीची बहीण; 2011 च्या जनगणनेत ती बोलणारे सात लाखांहून जास्त होते. त्यांच्याच शेजारी निहाल आहेत. त्यांच्या भाषेचं नातं तर जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी जुळलेलं नाही. सरकारी यादीत मात्र ते कोरकूंच्याच नोंदीत बसवलेले आहेत. एका मोठ्या शब्दाखाली अशी किती माणसं झाकली जातात पाहा.

यात धम्म काय सांगतो? वसल सुत्तात अग्निक भारद्वाज ब्राह्मण तथागतांना पाहून ओरडतो, "तिथंच थांब, वसला!" भगवंत रागावत नाहीत. ते विचारतात, वसल कशानं होतो, हे तुला ठाऊक आहे का? आणि समजावतात, की जन्मानं नव्हे, कर्मानं माणूस वसल होतो. मग सांगा, त्या दिवशी बसस्टँडवर भारद्वाज कोण होता?

दुसरं, मज्झिम निकायातलं अरणविभंग सुत्त. एकाच भांड्याला निरनिराळ्या प्रांतात निरनिराळी नावं असतात. तथागत सांगतात, आपल्याच शब्दाचा हट्ट धरू नका. जिथं जे नाव चालतं, तिथं ते आसक्ती न ठेवता वापरा. भांड्याच्या बाबतीत एवढी काळजी, तर माणसाच्या बाबतीत किती पाहिजे!

म्हणून माझी विनंती तीन गोष्टींची आहे. एक, आपल्या घरात लेकरांच्या तोंडी 'जंगली' हा शब्द शिवी म्हणून येऊ देऊ नका; आला तर तिथंच टोका. दोन, माणूस समोर असेल तर आधी त्याचं नाव विचारा. समाजाबद्दल बोलायचं तर कोरकूला कोरकू, गोंडाला गोंड म्हणा. सर्वांबद्दल एकत्र बोलताना आदिवासी म्हणा. आणि त्यांनी उद्या दुसरं नाव सांगितलं तर ते स्वीकारा. तीन, स्वतःचं नाव स्पष्ट लिहा. 2027 च्या जनगणनेत जातही नोंदवली जाणार, असं केंद्र सरकारनं 2025 साली जाहीर केलं. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहायला संकोच करू नका. जातीच्या रकान्यात आपल्या दाखल्यावर जे आहे तेच लिहा. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत 'महार' आहे, 'बौद्ध' ही जात नाही. दाखल्यातलं नाव हक्कासाठी आहे, त्यानं आपण लहान होत नाही.

तो बिल्लेवाला पोरगा मला नंतर भेटला. मी त्याला एवढंच विचारलं, "बाबू, तुह्या आजोबाले गावात काय म्हणून हाका मारत होते, घरी इचारलं का कधी?" तो खाली पाहत राहिला. पुढच्या रविवारी वंदनेला आला होता. आजही तो या सभागृहात बसलेला आहे. मी त्याचं नाव सांगणार नाही. ते सांगायचं की नाही, हे त्यानं ठरवावं.

 सर्वांचं मंगल होवो. नमो बुद्धाय! जयभीम!