सातबाऱ्यावरील बोजा
(भाषणाचा गोषवारा)

कर्ज फिटले की जमीन मोकळी झाली, असा समज खेडोपाडी रूढ आहे. तो अपुरा आहे. सहकारी संस्थेचे कर्ज घेणारा सभासद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 48 नुसार जमिनीवर भार ठेवणारे घोषणापत्र लिहून देतो. त्याचा फेरफार होऊन सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ सदरी बोजा चढतो. कर्ज सव्याज फिटण्यापूर्वी अशी जमीन विकल्यास तो व्यवहार कायद्याने अडचणीत येऊ शकतो. म्हणून खरेदीदाराने इसार देण्यापूर्वीच हे सदर वाचावे.

मात्र चढलेला बोजा आपोआप उतरत नाही. अखेरचा हप्ता भरताच संस्थेकडून बेबाकी दाखला घ्यावा, तो अर्जासह गावच्या महसूल दप्तरी द्यावा, फेरफार प्रमाणित झाल्याची खात्री करावी आणि नवा उतारा हाती आल्यावरच निश्चिंत व्हावे. हे राहून गेल्यास वडिलांनी फेडलेल्या कर्जाचा पुरावा शोधत मुलांना हिंडावे लागते; नवे पीककर्जही अडते.

पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ग्रामसभेत सातबारा वाचून दाखविण्याचा प्रघात पाडावा. कर्ज फेडणाऱ्याच्या प्रामाणिकपणाची साक्ष दप्तरानेही दिली पाहिजे.