परका कोण?

जर्मन भाषेत ‘फ्रेम्ट’ असं एक साधं विशेषण आहे. अर्थ परका, अनोळखी. त्याचा पासपोर्टशी संबंध नाही. शेजारच्या गावी वाट विचारली, तर तिथला नसलेला जर्मन माणूसही सांगतो, ‘मी इथे फ्रेम्ट आहे.’ परकीय शब्दाला ते ‘फ्रेम्टवोर्ट’ म्हणतात. मात्र लॅटिनमधून आलेला ‘फेन्स्टर’, म्हणजे खिडकी, इतका रुळला की तो कुणाला परका वाटत नाही. आपल्याकडे फारसीतून आलेले कागद, दुकान, जमीन असेच रुळले.

‘मुसलमान असून मराठीत लिहिता?’ असं मला अजून विचारतात. शब्दांना घरचं मानलंत, मग माणसाला किती दिवस पाहुणा म्हणणार? मी इथे फ्रेम्ट नाही. इथल्या वाटा मला ठाऊक आहेत.