कोळ्याचें जाळें आणि एका विद्यार्थिनीचा अर्ज

बागेंतल्या दोन फांद्यांमध्यें कोळ्यानें विणलेलें चक्राकार जाळें सकाळच्या उन्हांत चमकतांना सर्वांनींच पाहिलेलें असतें. परंतु हा प्राणी तें कशाच्या आधारें विणतो, वर कोणतें आणि खालीं कोणतें हें त्याला कसें कळतें, असा प्रश्न फारच थोड्यांना पडतो. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांतल्या लेक्सिंग्टन गांवीं शिकणाऱ्या ज्युडिथ माइल्स नांवाच्या एका शाळकरी मुलीला तो पडला. निमित्त झालें एका मासिकांतील कोळ्यांवरील लेखाचें. प्रश्न पडला त्याच सुमारास संधीही चालून आली. नासा या अमेरिकन अंतराळ-संस्थेनें १९७१-७२ सालीं माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांकडून स्कायलॅब या अंतराळ-स्थानकावर करण्याजोग्या प्रयोगांच्या योजना मागविल्या होत्या. ३,४०० हून अधिक अर्ज आले, त्यांतून २५ निवडले गेले, आणि त्यांत कोळ्याचा हा अर्ज होता.

आजही अशा स्पर्धा होतात, आणि विद्यार्थ्यांचे बहुतेक अर्ज पहिल्याच पानावर अडखळतात. अंतराळांत गुरुत्वाकर्षण नसतें, या वाक्यानें पुष्कळ अर्जांचा आरंभ होतो, आणि परीक्षकाचा विश्वास तेथेंच डळमळतो. स्कायलॅब सुमारें ४३५ किलोमीटर उंचीवरून फिरत असे. तेथेंही पृथ्वीची ओढ जमिनीवरील ओढीच्या जवळजवळ ८७ टक्के असते. वजन जाणवत नाहीं तें यान व यानांतील प्रत्येक वस्तु पृथ्वीभोवतीं एकाच गतीनें अखंड पडत असते म्हणून. विहिरींत सोडतांना दोर तुटलेल्या पोहऱ्यांतील पाण्याचा भार त्या क्षणापुरता पोहऱ्याच्या तळावर पडत नाहीं, तशांतलाच हा प्रकार.

असें पडणें थोडा वेळ पृथ्वीवरही साधतां येतें. जर्मनींतील ब्रेमेन येथील मनोऱ्यांत सुमारें ११० मीटर पडणारी पेटी ४.७ सेकंद भारहीन राहते. कमानीसारख्या मार्गानें उडविलेल्या विमानांत हा काळ वीस-बावीस सेकंदांवर जातो. ज्योतीचा आकार पाहावयाचा असेल, तर तेवढें पुष्कळ झालें. मग त्यासाठीं अग्निबाण मागणारा विद्यार्थी नाकारला गेला तर त्यांत अन्याय कोणता? कोळ्याची गोष्ट निराळी. एक जाळें पुरें करण्यास त्याला अर्धा-पाऊण तास लागूं शकतो, आणि नव्या परिस्थितींत रुळण्यास तर दिवस लागतात. कक्षेंत गेल्यावांचून या प्रश्नाचें उत्तर मिळणें शक्यच नव्हतें, आणि या अर्जाचें पहिलें बळ हेंच होतें.

दुसरें बळ त्याहून महत्त्वाचें. अंतराळांत कोळ्याचें काय होईल, एवढेंच विचारलें असतें तर ती केवळ कुतूहलाची गोष्ट झाली असती. मोजावें काय, हें कोणालाच कळलें नसतें. पण जाळें हीच कोळ्यानें स्वतः लिहून ठेवलेली नोंद आहे. कोन, अंतरें, तंतूंची जाडी, सारें तींत उमटतें. पीटर विट् या शास्त्रज्ञानें निरनिराळीं औषधें पाजलेल्या कोळ्यांचीं जाळीं मोजून मज्जासंस्थेवरील परिणाम वर्षानुवर्षें अभ्यासिले होते. कोळ्याच्या पाठीवर वजन लादलें तर त्याचा तंतु जाड होतो, हेंही त्यांच्या प्रयोगशाळेंत दिसलें होतें. तेव्हां वजनच नाहींसें झालें तर तंतु बारीक व्हावा, असा अंदाज आधींच बांधतां येत होता, आणि तो खोटाही ठरूं शकत होता. शिवाय पिंजरा लहान, खाणें थोडें, अंतराळवीराचा वेळ बेताचाच लागणार. विट् यांचें साहाय्य या योजनेला लाभलें.

२८ जुलै १९७३ रोजीं अ‍ॅराबेला आणि अ‍ॅनिटा या दोन कोळिणी उड्डाणास निघाल्या. अंतराळवीर ओवेन गॅरियट यांनीं अ‍ॅराबेलेला पिंजऱ्यांत सोडूं पाहिलें, तर ती कुपींतून बाहेरच येईना. शेवटीं झटकून काढावें लागलें. तिचें पहिलें जाळें अगदीं अस्ताव्यस्त झालें. पण थोड्याच दिवसांत तिनें पृथ्वीवरच्यासारखें चक्राकार जाळें विणून दाखविलें. पुढें आणलेल्या तंतूंची तपासणी झाली तेव्हां ते सरासरीनें बारीक भरले, आणि एकाच जाळ्यांत जाडबारीकही आढळले. अंदाज खरा ठरला, असें म्हणण्याचा मोह कोणासही व्हावा.

परंतु येथेंच अर्जांतील उणीव दिसते. कोळिणी दोनच, आणि त्यांपैकीं एकही जिवंत परतली नाहीं. दोघींच्या शरीरांत पाणी कमी पडल्याचीं चिन्हें आढळलीं. मग तंतु बारीक झाला तो भार नसल्यामुळें, कीं उपासमारीमुळें? हा प्रश्न उड्डाणानंतर सोडविणें कठीण. त्याचें उत्तर अर्ज लिहितांनाच, पृथ्वीवर तशाच पिंजऱ्यांत तितक्याच अन्नपाण्यावर ठेवलेल्या जोडीदार कोळिणींच्या रूपानें, राखून ठेवावें लागतें. सतरा वर्षांच्या मुलीला याचा दोष देणें योग्य नव्हे. जागा, वजन आणि वेळ यांच्या मर्यादा तिच्या हातच्या नव्हत्या.

पुढें २००८ सालीं आंतरराष्ट्रीय अंतराळ-स्थानकावर कोळी पुन्हां पाठविण्यांत आले. राखीव म्हणून ठेवलेला कोळी आपल्या कप्प्यांतून निसटून दुसऱ्याच्या कप्प्यांत शिरला, दोघांचीं जाळीं एकमेकांत गुंतलीं, आणि खाद्य म्हणून दिलेल्या माश्यांच्या अळ्या इतक्या वाढल्या कीं खिडकीतून पाहणेंच अशक्य झालें. कोणत्या गोष्टी बिघडूं शकतील, हें योजनेंत आधींच लिहावयाचें असतें तें यासाठींच.

२०११ सालच्या प्रयोगांत मात्र एकाच जातीचे चार कोळी घेतले. दोन वर गेले, दोन तशाच पिंजऱ्यांत पृथ्वीवर राहिले, आणि दर पांच मिनिटांनीं छायाचित्रें घेतलीं गेलीं. पृथ्वीवर जाळ्याचा मध्य वरच्या बाजूकडे सरकलेला असतो. भारहीन अवस्थेंत जाळीं अधिक समतोल झालीं, पण पिंजऱ्यांतील दिवा लागलेला असतांना विणलेलीं जाळीं पृथ्वीवरच्यासारखींच एका बाजूस कललेलीं निघालीं. कोळी दिव्याची बाजू वर समजून विणीत होते. २०२० सालीं हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.  दिव्याचा जाळ्यावर परिणाम होईल, असें प्रयोग आंखतांना कोणाच्याच ध्यानीं आलें नव्हतें.