शांततेचा मसुदा आणि दोन स्मृती



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते या शाळेत इतिहास आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवीत. म्हणून विषय इतिहासाचा घेतला आहे. मांडणी मात्र भाषेच्या अभ्यासकाची राहील. इस्रायली आणि पॅलेस्टिनी यांच्यात शांतता का होत नाही, याची राजकीय मीमांसा करणारे जाणकार पुष्कळ आहेत. मला त्या संघर्षातले शब्द दिसतात.

प्रथम एका गावाविषयी. कोकणातले ‘शनवार तेली’, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्राएल, १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. लोद, रामला, अश्दोद, दिमोना येथे त्यांनी संसार मांडले. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तेथून काढले. म्हणजे आपली भाषा त्या भूमीवर नांदते आहे. परंतु लोद हे गाव संयुक्त राष्ट्रांच्या १९४७ च्या फाळणी-ठरावात अरब राज्याच्या वाट्यास दिलेले होते. जुलै १९४८ मध्ये इस्रायली सैन्याने ते घेतले आणि लोद व रामला मिळून पन्नास हजारांहून अधिक अरब रहिवाशांना घरे सोडून चालते व्हावे लागले. त्यांच्या जागी जे राहावयास आले, त्यांत युरोपातल्या छळछावण्यांतून वाचलेले होते, अरब देशांतून परागंदा झालेले यहुदीही होते. निर्वासितांच्या घरांत निर्वासित आले. आपला कोकणी मराठी माणूस त्यांच्यामागून आला. त्याने कोणाला हाकलले नव्हते. तरी तो ज्या गल्लीत राहतो, तिचे जुने नाव कोणाच्या तरी आजीच्या तोंडी आहे आणि कुलपाची किल्ली कोठल्यातरी छावणीत जपून ठेवलेली आहे. मे २०२१ मध्ये याच लोदमध्ये शेजारी शेजाऱ्यावर उठला. त्या दंगलीत दगड लागून मृत्यू पावलेल्या एका यहुदी गृहस्थाचे मूत्रपिंड एका अरब स्त्रीस बसविण्यात आले, हेही सांगितले पाहिजे.

१९४८ च्या त्याच घटनेला एक समाज ‘स्वातंत्र्ययुद्ध’ म्हणतो, दुसरा ‘नकबा’, म्हणजे महासंकट. एकाच स्थळाच्या दोन नावांत काय साठलेले असते, हे बेळगावकरांना मी सांगावे असे नाही. तथापि तेथे सुमारे सात लाख माणसे उखडली गेली. आपल्या वादाशी त्याची तुलना करण्याचा मोह मी आवरतो.

आता मसुद्यांकडे वळू. १९६७ च्या युद्धानंतर सुरक्षा समितीने २४२ क्रमांकाचा ठराव केला. व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायलने माघार घ्यावी, असे त्यात आहे. इंग्रजी संहितेत ‘प्रदेश’ या शब्दामागे ‘द’ हे निश्चयवाचक उपपद नाही. फ्रेंच संहितेत मात्र ते आहे. सगळे प्रदेश की काही प्रदेश, यावर मुत्सद्द्यांनी दशकेच्या दशके घालविली. मराठीत असले उपपदच नाही. आपल्या भाषेत तो ठराव लिहिला असता तर वाद टळला असता, असे मात्र समजू नका. तो उपपद सोडण्यामागे हेतू होता, अनवधान नव्हते.

सप्टेंबर १९९३ मध्ये राबिन आणि अराफत यांनी पत्रांची देवाणघेवाण केली. अराफतांनी इस्रायल या राष्ट्राचा शांततेने व सुरक्षिततेने अस्तित्वात राहण्याचा हक्क मान्य केला. उत्तरात राबिन यांनी पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला पॅलेस्टिनी जनतेची प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली. शब्द तोलून पाहा. एका पारड्यात राष्ट्र, दुसऱ्यात संघटना. जेरुसलेम, निर्वासित, वसाहती आणि सीमा हे अवघड प्रश्न तर पुढच्या वाटाघाटींवर सोडले होते. विश्वास वाढेल आणि मग ते सुटतील, ही त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात मधल्या काळाचा उपयोग विश्वास मारणाऱ्यांनीच केला. फेब्रुवारी १९९४ मध्ये हेब्रोनच्या मशिदीत एका यहुदी माथेफिरूने २९ नमाजींना ठार केले. एप्रिलपासून इस्रायली शहरांत हमासचे आत्मघातकी स्फोट सुरू झाले. नोव्हेंबर १९९५ मध्ये खुद्द राबिन एका यहुदी अतिरेक्याच्या गोळीला बळी पडले. आणि वसाहती वाढतच राहिल्या. पूर्व जेरुसलेम वगळता पश्चिम किनाऱ्यावरील वसाहतवाले १९९३ मध्ये लाखाच्या आसपास होते, आज ते पाच लाखांहून अधिक आहेत. ज्या जमिनीचा सौदा व्हावयाचा तीच सौदा चालू असता संपत चालली, तर दुसऱ्या पक्षाने बैठकीत बसून काय करावे?

२००० चे कॅम्प डेव्हिड फिसकटले, ते मी येथे उगाळत नाही. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे बाराशे माणसे मारली, अडीचशे ओलीस नेली. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ च्या युद्धविरामापर्यंत गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीप्रमाणे साठ हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मेले. ‘दोघेही सारखेच’ असे म्हणून आपण सुटका करून घेतो, ते मला मान्य नाही. दुःख दोन्हीकडे आहे. पण सैन्य, सीमा आणि पाणी यांवरची सत्ता एकाच बाजूला आहे, आणि ज्याच्या हाती सत्ता त्याचे उत्तरदायित्वही अधिक. त्याचबरोबर, आपल्या मुलांना मारणाऱ्यांना वीर म्हणणाऱ्या शेजाऱ्याकडून इस्रायली आईने सुरक्षिततेची हमी कशी घ्यावी, हाही खराच प्रश्न आहे.

शाळेत बोलतो आहे म्हणून एका पाठ्यपुस्तकाविषयी सांगतो. दान बार-ऑन हे इस्रायली आणि सामी अदवान हे पॅलेस्टिनी प्राध्यापक. त्यांनी दोन्हीकडचे इतिहास-शिक्षक एकत्र आणले. त्या शिक्षकांनी पानाचे तीन रकाने केले. एका कडेस इस्रायली कथन, दुसऱ्या कडेस पॅलेस्टिनी कथन, मधला रकाना कोरा. तो विद्यार्थ्याने भरावयाचा. दोन्हीकडच्या शिक्षणखात्यांनी त्या पुस्तकास मान्यता दिली नाही. अन्य कोणत्या बाबतीत त्यांचे एवढे एकमत झाले असेल, शंकाच आहे! २०१२ मध्ये त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली. तिची एक प्रत आपल्या ग्रंथालयात घ्यावी, अशी मुख्याध्यापिकाबाईंना माझी विनंती आहे. इयत्ता दहावीच्या मुलांना ती द्यावी, आणि मधल्या रकान्यात त्यांना पेन्सिलीने लिहू द्यावे.