पातालपाणीचा कडा काय सांगतो?

(गणेशोत्सवातील भाषणाचा संक्षेप)



पातालपाणी न पाहिलेला इंदूरकर या सभागृहात सापडणार नाही. महूहून छोट्या गाडीनं, पुरी-भाजीचे डबे घेऊन आपण सगळेच गेलो आहोत. धबधबा पाहिला, भुट्टे खाल्ले, परतलो. तो कडा मात्र नीट पाहिला नाही. आज तोच पाहू.

माळव्याचं पठार तिथं संपतं आणि खाली निमाड लागतो. त्या काठावरून चोरल नदी सुमारे ३०० फूट खाली कोसळते आणि पुढे नर्मदेला मिळते. कड्याचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि थरावर थर साचले. सह्याद्री याच दगडाचा, अजिंठ्याची लेणीही यातच कोरलेली.

हे थर आतून एकसारखे नसतात. मधला भाग घट्ट, तर वरचा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र आणि ठिसूळ. पाणी ठिसूळ भाग आधी पोखरतं, मग त्यावरचा घट्ट दगड आधार सुटून कोसळतो. लाव्हा थंड होताना आकसला, त्यामुळे त्यात उभ्या चिरा पडल्या. म्हणून दगड उभाच तुटतो आणि दरीची भिंत ताठ राहते. असा धबधबा हळूहळू उगमाकडे सरकतो, मागे उरते ती दरी. खालचं कुंड पाताळापर्यंत जातं असं आपण ऐकत आलो. ते खोदलं आहे पडत्या पाण्यानं आणि त्यात घुसळणाऱ्या दगडांनी.

आता महत्त्वाचं. हा घट्ट कातळ पाणी फारसं मुरू देत नाही. वर पठारावर जोराची सर आली की सगळं पाणी नदीत येतं. आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि पात्र मात्र काही मिनिटांत भरतं. जुलै २०११मध्ये धबधब्याच्या अगदी वर, पात्रात उभी असलेली माणसं अशीच वाहून गेली. काठावरच्यांना काहीही करता आलं नाही.

विसर्जनानंतरच्या रविवारी पुन्हा सहली निघतील. जरूर जा, पण पावसाळ्यात पात्रात उतरू नका. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला, तर फोटोसाठीही थांबू नका. दरी काठावरूनच उत्तम दिसते, हे घरच्या मुलांना आजच सांगा.

गणपती बाप्पा मोरया!