वर्णाचा रकाना



वसई-विरारमध्ये आज लग्नासाठी मुलीचा बायोडाटा मोबाइलवरून फिरतो. जन्मवेळ, उंची, शिक्षण, नोकरी आणि त्यातच एक रकाना, वर्ण. मुलगी सावळी असेल तर तिथे ‘गव्हाळ’ लिहायचे, फोटो स्टुडिओतून उजळून घ्यायचा. ती हे सगळे पाहत असते. आपण आहोत तशा चालणार नाही, हे मग तिला वेगळे सांगावे लागत नाही.

ही जखम किती लहान वयात होते? अमेरिकेत १९४०च्या सुमारास केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. फरक फक्त रंगाचा. छान बाहुली कोणती, या प्रश्नावर बहुतेकांनी गोरीकडे बोट दाखवले. ‘तुझ्यासारखी कोणती?’ असे विचारताच काही मुले रडू लागली, काही खोलीबाहेर पळाली. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवताना १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या संशोधनाची दखल घेतली. पुढच्या दशकात अनेक कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस सरळ करणे सोडले आणि आपले कुरळे केस अभिमानाने मिरवले. त्यांना बळ मिळाले ते नागरी हक्कांच्या चळवळीतल्या मैत्रिणींचे.

आपल्याकडे ‘फेअर अँड लव्हली’ ही गोरेपणाची क्रीम १९७५ साली आली. नावातला ‘फेअर’ जायला २०२० उजाडले. गोरेपणाच्या काही भेसळयुक्त क्रीममध्ये पारा असतो. त्याने मूत्रपिंडे बिघडलेले रुग्ण महाराष्ट्रातही आढळले आहेत.

‘रंग माझा वेगळा’ ही मालिका सावळ्या नायिकेची, पण भूमिकेसाठी अभिनेत्रीचा रंग मेकअपने गडद केला गेला. सावळ्या अभिनेत्री मराठीत नाहीत का? कोल्हापूरच्या उषा जाधव यांनी ‘धग’ या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला आहे.

वसईच्या पाचूबंदरला भर उन्हात बोंबील वाळत घालणाऱ्या बाईचा रंग मेलॅनिनमुळे गडद होतो. ते तिच्या त्वचेचे संरक्षण आहे, दोष नव्हे.

स्वतःला स्वीकारण्याची सगळी जबाबदारी मुलीवरच टाकू नका. हळद-बेसनाचे सल्ले थांबवा, ‘काळी असली तरी नाकीडोळी नीटस’ ही वाक्ये थांबवा, बायोडाटातला तो रकाना काढून टाका. आणि मन फारच खचले असेल, तर ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, रात्रंदिवस चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते.