थंडीच्या सुट्टीतील पथ्यपाणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात दिल्ली येथे दिलेले भाषण)



आरोग्यावर बोलण्याचा अधिकार वस्तुतः डॉक्टरांचा. आमची हयात फायलींच्या सहवासात गेली आणि पदवी म्हणाल तर साधी बी. ए.ची. तरीही कार्यकारिणीने हा विषय आमच्याकडे सोपविला, त्याचे कारण एवढेच असावे की या राजधानीतील पंचवीसहून अधिक हिवाळे आम्ही सहकुटुंब काढले आहेत.

१९९८च्या डिसेंबरात आम्ही बदलीवर येथे आलो. सोबत पत्नी, दोन वर्षांचा मुलगा आणि आई. आमची थंडीची कल्पना साताऱ्याकडची. सकाळी अंगणात शेकोटी केली, घटकाभर कोवळ्या उन्हात बसले की ती सरली. येथे मात्र पारा चार-पाच अंशांवर उतरलेला. शेजाऱ्यांचे पाहून आम्हीही कोळशाची अंगीठी आणली. निजण्यापूर्वी ते ती बाहेर नेऊन ठेवतात, हे मात्र आम्ही पाहिले नव्हते. उलट, वारा येऊ नये म्हणून खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबून आम्ही निजलो. पहाटे डोके फुटेल असे दुखू लागले. आई पाण्यासाठी उठली ती दाराशीच कोसळली. कसेबसे दार उघडून आम्ही हाक मारली, तेव्हा शेजारच्या पंजाबी माताजी धावत आल्या. त्यांनी आधी सर्व खिडक्या सताड उघडल्या, अंगीठी बाहेर काढली आणि आईला मोकळ्या हवेत आणले. आमचे घर त्या पहाटे वाचले ते त्या माउलीमुळे.

कोंडलेल्या खोलीत कोळसा जळू लागला की कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला जाग येण्याची संधीही तो देत नाही. आज अंगीठ्या कमी झाल्या, पण बंद न्हाणीघरातील गॅसचा गीझर तोच धोका घेऊन आला आहे. गीझर शक्यतो न्हाणीघराबाहेर बसवावा आणि झरोका कधीही बुजवू नये. सुट्टीत गावाकडून पाहुणे येतात, एकामागून एक स्नाने होतात, तेव्हा तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

त्या पहाटेपासून आम्हांस एक गोष्ट उमगली. थंडीत माणूस दारे लावून घेतो आणि निम्मी दुखणी त्या बंद दाराआड वाढतात. नाताळपासून संक्रांतीपर्यंतच्या दिवसांत फिरणे थांबते, तहान लागत नाही म्हणून पाणी पिणे राहते, आणि घरात बसून तोंड मात्र चालू राहते. आपले पूर्वज थंडीत तीळ, गूळ, बाजरी, डिंक खात, ते शहाणपणाचेच होते. परंतु ते दिवसभर शेतात राबत, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. तिळात जवळजवळ निम्मे तेल असते. वीस ग्रॅमच्या एका तिळाच्या लाडवात शंभराच्या आसपास उष्मांक, म्हणजे साधारण एका पोळीइतके. हळदीकुंकवाच्या चार घरी चार लाडू झाले की चार पोळ्या झाल्या. रात्रीचे जेवण त्या हिशेबाने हलके असावे. भोगीची लेकुरवाळी भाजी आणि बाजरीची भाकरी मात्र निःशंकपणे खावी.

व्यायामाविषयी वाग्भटाने अष्टांगहृदयात सांगितले आहे की थंडीत तो आपल्या निम्म्या शक्तीने करावा. अतिरेक नको आणि आळसही नको, असा मध्यम मार्ग त्यात आहे. मात्र या शहरात पहाटेच्या धुक्यात फिरण्याचा हट्ट सोडावा. वायुगुणवत्ता निर्देशांक ३००च्या वर गेला तर हवा ‘अत्यंत वाईट’ आणि ४००च्या वर ‘गंभीर’ मानली जाते. अशा दिवशी घरातच हातपाय हलवावेत. एरवी ऊन वर आल्यावर फिरावे.

थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. ज्यांना आधीपासून हा विकार आहे, त्यांनी प्रवासाच्या गडबडीत गोळ्या चुकवू नयेत आणि या दिवसांत रक्तदाब एकदा अधिक तपासून घ्यावा. लग्नाच्या पंगतीनंतर छातीत दडपल्यासारखे झाले, घाम सुटला, तर ‘वायू धरला असेल’ म्हणून ओवा चघळत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. संकोचापायी माणसे जातात.

आता शेवटची गोष्ट. आमच्या आईंनी ऐंशी ओलांडली आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही त्यांना जपण्याच्या नादात खोलीतच ठेवले. दुलई होती, हीटर होता, दूरदर्शनसंच होता. पंधरा दिवसांत त्यांचे बोलणेच आटले. जेवण कमी झाले, दिवसा झोप आणि रात्री जागरण सुरू झाले. अखेर एके दुपारी आम्ही त्यांची खुर्ची गच्चीवरील उन्हात ठेवली. तेथे वसाहतीतील बायका मटार सोलत बसल्या होत्या. कुणीतरी आईंपुढेही परात सरकविली. त्यांची हिंदी आजही कच्ची, पण शेंगा सोलता सोलता गप्पा रंगल्या. संध्याकाळी त्यांनी आपण होऊन भाकरी मागितली.

लोहडीच्या रात्री पंजाबी शेजारी रेवडी आणि गजक वाटतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपण तीळगूळ देतो. तीळ तोच, गूळही तोच. तेव्हा येत्या संक्रांतीस आपणांस एवढीच विनंती की आपल्या इमारतीत ज्या घराचे दार थंडीभर बंद दिसते, तेथे पहिला तीळगूळ न्यावा. दार उघडेपर्यंत थांबावे आणि घटकाभर बसून यावे.